घरातून गेलेले फोटो

फोटोत ओम कापसाच्या ढिगावर उड्या मारत होता. अंगात फक्त चड्डी, केसांत कापूस अडकलेला, तोंड उघडं. निकिताला तो हसण्याचा आवाजही ऐकू आल्यासारखा झाला. पण तिच्या नवऱ्याने ओमचा ताबा मागायला कोर्टात दिलेल्या कागदावर फोटोखाली टाइप केलं होतं की अर्जदाराच्या अल्पवयीन मुलास ज्वलनशील मालाच्या कोंदट खोलीत, अपुऱ्या कपड्यांत, देखरेखीविना ठेवण्यात येते.

वकील अनघाताईंनी दुसरं पान उलटलं. तिथे निकिता होती. भावजयीच्या डोहाळजेवणाच्या दिवशी, जयाच्या डोक्यात फुलं माळताना, मान मागे टाकून हसणारी. खाली लिहिलं होतं की मानसिक छळाचा आरोप करणारी पत्नी प्रत्यक्षात आनंदात व मौजमजेत आहे. तिसरा फोटो ती शाळेतल्या नोकरीवरून उशिरा आली त्या संध्याकाळचा. अंगणात गाडीवरून उतरत होती, आणि गाडी शाळेतल्या एका सरांची होती, कारण त्या दिवशी घाटंजीहून शेवटची एस.टी. आलीच नव्हती.

"मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," अनघाताई म्हणाल्या. त्यांचं ऑफिस यवतमाळला, कोर्टाच्या मागच्या गल्लीत. "केस सुरू आहे तोवर काही टाकायचं नाही. स्टेटस नाही, रील नाही, डीपीसुद्धा बदलायचा नाही. आणि जुनं काही डिलीटही करायचं नाही, नाहीतर पुरावा नष्ट केला म्हणतात."

"मी टाकलंच नाही, ताई."

"मग हे त्यांच्याकडे गेलं कसं?"

 नवऱ्याला, शैलेशला सोडून माहेरी आल्यापासून निकिता मोबाईलला निखाऱ्याला लावावा तसा हात लावत होती. नवं सिम घेतलं होतं. जुना ईमेल शैलेशनेच काढून दिला होता, त्याचा पासवर्ड बदलला होता. फेसबुक बंद, इन्स्टाग्राम बंद. मैत्रिणींच्या ग्रुपमधून ती न सांगता बाहेर पडली होती आणि मैत्रिणींना वाटलं होतं, निकिताला आता माणसं नकोशी झाली.

शैलेशने तिला कधी मारलं नाही. हेच तिला सगळ्यांना समजावून सांगता येत नव्हतं. तो पीत नव्हता, पगार घरात देत होता, बियाण्यांच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. ओम झाल्यावर त्याने यवतमाळच्या फ्लॅटमध्ये कॅमेरे बसवले, लेकराच्या सुरक्षेसाठी म्हणून. एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, एक दारात. पुढे ऑफिसात बसून तो त्या कॅमेऱ्यातून बोलायला लागला. निकिता भाजी चिरत असायची आणि कपाटावरून आवाज यायचा, "कोणाशी बोलून राह्यली?" ती गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली की फोन यायचा, "इतका वेळ लागते का?" सुरुवातीला ती हसण्यावारी नेत होती. मग तिने स्वयंपाक करताना गुणगुणणं सोडलं. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण रडायला बाथरूममध्ये जातो, कारण तेवढीच जागा उरली आहे. त्यानंतर ती ओमला घेऊन निघाली.

माहेर घाटंजीपासून आत, दहा मिनिटांच्या रस्त्यावर. वडील पुंडलिकराव, आई भागीरथा, भाऊ अक्षय आणि त्याची बायको जया. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. घरच्यांनी तिला ये म्हटलं, पण काहून आली ते नीट कोणाला समजलं नाही. पुंडलिकरावांनी एकदाच विचारलं होतं, "मारते का तो?" ती नाही म्हणाली. "पेते का?" ती पुन्हा नाही म्हणाली. मग ते बराच वेळ अडकित्ता हातात धरून बसले आणि सुपारी न कातरताच उठून गेले.

त्या दिवशी एस.टी.त खिडकीशी बसून निकिता ते तीन फोटो पुन्हापुन्हा आठवत होती. पहिल्या फोटोत उजव्या कोपऱ्यात आईचा पाटा दिसत होता. तो आतल्या खोलीतला. तिथवर बाहेरचं माणूस येत नाही. म्हणजे फोटो घरातून निघाला होता.

घाटंजीला उतरून ती आधी मोबाईलच्या दुकानात गेली. दुकानदाराने फोन उलटापालटा केला, सगळं तपासलं आणि म्हणाला, "ताई, यात काही नाही. एकदम साफ आहे." तिला त्याने सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. फोनमध्ये काही असतं तर फोन फेकून देता आला असता.

घरी आल्यावर ती सगळ्यांकडे बघायला लागली. आई चुलीपाशी. तिला साधा बटणांचा फोनही धड उचलता येत नव्हता. अक्षयचा फोन दिवसभर शेतात, बॅटरी मेलेली. उरली जया. जयाला रील बनवायची हौस होती. भाकरी थापताना, मेंदी काढताना, पोटावर हात ठेवून, तिचं काही ना काही सुरूच असायचं. डोहाळजेवणाचे फोटो तिच्याच मोबाईलमध्ये होते.

चारपाच दिवस निकिता काही बोलली नाही. फक्त जया खोलीत आली की ती उठून दुसरीकडे जायची. जयाने मोबाईल हातात घेतला की ओमला ओढून घ्यायची. ओम विचारायचा, "मम्मी, मी काय केलं?" अंघोळीनंतर केस मोकळे सोडून अंगणात बसायची तिची सवय होती, तीही मोडली. फ्लॅटमध्ये निदान कॅमेरा कुठे आहे ते ठाऊक होतं.

स्फोट व्हायला कारण अगदी किरकोळ झालं. दुपारची जेवणं झाली होती. ओम ओसरीवर आडवा होऊन चित्र काढत होता आणि जयाने मोबाईल उचलला.

"ठेव तो खाली," निकिता म्हणाली.

"ताई, मी तं फक्त..."

"फक्त काय? कोणाले पाठवतं तू? किती दिवसापासून पाठवून राह्यली? माहं लेकरू हातचं चाललं तुह्या या फोटोपायी."

जयाचा चेहरा पांढराफटक पडला. "मी कोणाले पाठवू, ताई? तुम्ही घरी आल्यापासून मी तुमचा एकबी फोटो कुठी टाकला नाही. यायनं सांगतलं होतं मले." यायनं म्हणजे अक्षयने.

"मंग तुह्या डोहाळजेवणातला माहा फोटो कोर्टात कसा गेला?"

जया भिंतीला टेकून खाली बसली. आठवा महिना लागला होता, तिला धाप लागत होती. भागीरथाबाई आतून हात पुसत आल्या. "निके, अवं तिची अवस्था काय, तू बोलतं काय."

तेवढ्यात खाटेवरून पुंडलिकराव म्हणाले, "तिले कायले बोलतं बाई. ते फोटो म्या पाठोले."

 पुंडलिकरावांना आपण काय बोललो ते समजलंही नाही. ते उठून बसले, टोपी सरळ केली आणि सांगू लागले, जसं बाजारातलं काही सांगावं तसं. "जवाईचा फोन येते ना माह्यावर. दिवाळीपासून येते. चांगलं बोलतेत बिचारे. म्हणतेत, मामाजी, ओमची लय याद येते, एखादा फोटो पाठवा. आता बापच हाय तो. जयाच्या मोबाईलमधून अक्षयनं मले फोटो पाठवले होते, ते म्या पुढं टाकले. कापसातला म्याच काढला. पोरगं खुश हाय हे त्यायले दिसलं पाह्यजे का नाही? मन वळन म्हटलं."

"अन् गाडीवरून उतरतानाचा?"

"तो बी. जवाई म्हणत होते, निकिता घरी टाइमावर येते का, एकटी येते का, मले काळजी लागते. म्हटलं, पाहा, सर घरापर्यंत सोडून जातेत, काळजीचं काम नाही."

निकिताला ओरडायचं होतं.  तिने जयाकडे पाहिलं. जया पदराने डोळे पुसत होती. तिने बापाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर अजूनही, आपण काही चांगलं केलं आणि ते आता कौतुकाने ऐकलं जाईल, अशी वाट पाहणं होतं. ते हळूहळू उतरत गेलं.

"काही चुकलं का बाई?" त्यांनी विचारलं.

तिने फोन मागितला आणि त्यांनी दिला. आतल्या खोलीत कापसाला पाठ टेकून तिने सगळं वाचलं, ऐकलं. पुंडलिकरावांना टाइप करता येत नव्हतं, ते बोलून पाठवत. शैलेश लिहून पाठवे, कधी बोलून. त्याचा आवाज किती मऊ होता. तिच्याशी तो असा लग्नाच्या आधीही बोलला नव्हता. मामाजी, तब्येत कशी आहे. मामाजी, फवारणी करताना तोंडाला रुमाल बांधा. मामाजी, ओम कुठे झोपतो, खोली दाखवा ना एकदा. मामाजी, निकिता रागावते का त्याच्यावर. शेताला पाणी देताना पाट फिरवावा तसा तो एकेक प्रश्न वळवत नेत होता.

आणि तिच्या बापाचा आवाज. "जवाई, राग नका ठेवू. आमच्या पोरीची बी चुकी हायच. लहानपणापासून हट्टी हाय ते. जिभीनं फटकळ हाय. तुमी मोठं मन करा. मी तुमच्या पाया पडतो, पण तिले घेऊन जा."

हे तिने पुन्हा ऐकलं. बाहेर ओम आजीला चित्र दाखवत होता. तिने फोन बंद करून मांडीवर ठेवला. आपण या घरात राहतो ते बापाला ओझं वाटत होतं की लाज, हे तिला कळेना. दोन्ही असतील. तरी रोज संध्याकाळी तिची एस.टी. यायच्या वेळी तोच बाप फाट्यावर उभा असायचा. उसाच्या रसाच्या गाडीवाल्याशी बोलायला आलो होतो, असं म्हणायचा.

ती बाहेर येऊन आधी जयाजवळ गेली. "चुकलं माहं," एवढंच म्हणाली. जयाने मान हलवली, पण हात पुढे केला नाही. ते बरेच दिवस तसंच राहिलं.

पुढच्या तारखेआधी निकिता फोन घेऊन यवतमाळला गेली. अनघाताईंनी सगळं ऐकलं. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "खूप चांगलं आहे. त्याने तुमच्या वडिलांना गोड बोलून पाळत ठेवायला लावली. खोली दाखवा म्हणून तोच मागतो आणि तीच खोली कोर्टात दाखवतो. तुमच्या छळाच्या तक्रारीला यानेच बळ मिळतं."

"मग देऊ या."

"पण अर्धं देता येत नाही. आपण निवडक दिलं तर ते बाकीचं देतील. पूर्ण संभाषण द्यावं लागेल. तुमची मुलगी हट्टी आहे, चूक तिची आहे, हेही. आणि फोन तुमच्या वडिलांचा, तेव्हा हे त्याच फोनमधलं आहे अशा प्रमाणपत्रावर सही त्यांची लागेल. कदाचित साक्षीला उभंही राहावं लागेल."

निकिताने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या टपरीवर काळे कोट चहा पीत होते. दिलं नाही तर ते तीन फोटो तसेच बसून राहणार आणि ओम जाऊ शकतो. दिलं तर बापाची ती विनवणी परक्या माणसांच्या हातात जाणार, आणि तिच्याविषयी जे तिच्या बापाला वाटतं ते सरकारी फाइलीत कायमचं लागणार. तिने विचार करते म्हणून सांगितलं. परतीच्या वाटेवर विचार केलाच नाही. विचार करायला दुसरी वाटच नव्हती.

पुंडलिकराव त्या दिवसापासून फोनला शिवत नव्हते. वाजला की तो खाटेवर तसाच वाजू देत. शैलेशचं नाव यायचं आणि विझायचं. अनघाताईंनी सांगितलं होतं, ब्लॉक करू नका, उत्तर देऊ नका. म्हातारा माणूस वाजणाऱ्या फोनकडे बघत बसायचा. दिवाळीपासून त्याला रोज कोणी तरी मामाजी म्हणून तब्येत विचारत होतं आणि तेही गेलं होतं.

तिने त्यांना गोठ्यात गाठलं. सगळं सांगितलं. सही करावी लागेल, कोर्टात यावं लागेल, तुमचे शब्द तिथे वाचतील.

"कोणते शब्द?"

तिने सांगितले. पुंडलिकराव बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

"तू ऐकलं ते?"

"ऐकलं."

"मले तसं वाटत नाही बाई," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "थोडंसं वाटते. पण जसं बोललो तसं नाही वाटत."

निकिताला रडू आलं नाही. तिला बरंच वाटलं, त्यांनी खोटं सांगितलं नाही म्हणून.

कोर्टाच्या दिवशी पुंडलिकरावांनी धुतलेलं धोतर नेसलं. शैलेश समोरच्या बाकावर होता, निळा शर्ट, हातात फाइल. सासऱ्याला पाहून तो उठला आणि वाकून नमस्कार केला. पुंडलिकरावांचा हात सवयीने आशीर्वादाला वर गेला आणि मध्येच थांबला. तो कुठे ठेवावा ते त्यांना समजेना.

शैलेशच्या वकिलाने ते वाक्य वाचलंच. "मॅडम, खुद्द वडील म्हणतात, मुलगी लहानपणापासून हट्टी आहे, चूक तिची आहे." त्याने ते सावकाश वाचलं. मागच्या बाकावरच्या लोकांनी माना वळवल्या. निकिता समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. अनघाताईंनी सांगितलं होतं, चेहऱ्यावर काही आणू नका.

न्यायाधीश मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "बाबा, हे तुम्ही म्हटलंय का?"

"हो साहेब, म्हटलं."

"खरं आहे ते?"

पुंडलिकरावांनी दोन्ही हात कठड्यावर टेकले. "साहेब, जवाईचं मन राखाले मानूस आपल्याच पोरीले नावं ठेवते. आमच्या इकडं सगळेच ठेवतेत. पोरीच्या बापाले दुसरं काय बोलता येते? ते मले फोटो मागत होते, मले वाटे लेकराची माया हाय. मले कोर्टाचं माहीत असतं तं म्या एकबी पाठोला नसता."

मॅडमनी काही लिहिलं. शैलेश फाइलीची दोरी सोडत आणि बांधत होता.

आदेश महिन्याभराने झाला. अंतिम निकाल लागेपर्यंत ओम आईकडेच राहील. मुलाचे फोटो दोघांपैकी कोणीही समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत आणि नातेवाइकांकडून मागवायचे नाहीत. ओम झोपतो त्या खोलीत कापूस ठेवायचा नाही. आणि दर रविवारी सकाळी अर्धा तास वडिलांना मुलाशी व्हिडिओ कॉलवर, कोणताही अडथळा न आणता, बोलू द्यायचं.

"जिंकलो आपण," अनघाताई फोनवर म्हणाल्या. "व्हिडिओ कॉल तर द्यावाच लागतो, बाप आहे तो. फक्त लक्षात ठेवा, तो स्क्रीन रेकॉर्ड करणार. तुम्ही मध्ये बोलू नका, चिडू नका, दिसलात तर नीट दिसा."

कापूस दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती. अक्षय भाव चढायची वाट बघत होता, त्याने मिळेल त्या भावात माल काढला. निकिताला तो काही बोलला नाही. ताटावर बसला की मात्र मान वर करत नव्हता.

रविवार आला की घर आवरायला लागायचं. भागीरथाबाई खाटेवरची गोधडी बदलत. जया बाळंतीण झाली होती. ती तान्ह्याला घेऊन मागच्या दारी कडुनिंबाखाली जाऊन बसे, उन्हं असली तरी. अक्षय आणि पुंडलिकराव शेतात निघून जात. निकिता ओमचे केस विंचरून त्याला ओसरीवर बसवी, मोबाईल पाटावर भिंतीला टेकवून ठेवी आणि स्वतः दाराच्या आड उभी राही. घरचं घर अर्धा तास श्वास धरून असे. पण ओम पाच वर्षांचा. तो फोन उचलून पळत सुटे. "पप्पा, हे पाहा आमची गाय. पप्पा, हे आजीचं चूल्हं." फोनमधून आवाज येई, "छान. आणि त्या खोलीत काय आहे? दाखव बरं. मम्मी कुठे आहे? मम्मीच्या बाजूला कोण आहे?" अडवता येत नव्हतं. आदेशात तसं लिहिलं होतं.

एका रविवारी पुंडलिकराव शेतात गेले नाहीत. पाय दुखत होता म्हणून त्याला फडकं बांधून अंगणात खुरपं घासत बसले होते. ओम फोन घेऊन धावत आला. शैलेशला ते दिसले असावेत.

"ओम, आबाजींना दे बरं फोन. मामाजी, कसे आहात? पायाला काय झालं?"

तोच मऊ आवाज. ओमने फोन म्हाताऱ्याच्या तोंडासमोर धरला. दाराआडून निकिता बघत होती. बोलू नका, असं ओरडावं तर तेही रेकॉर्ड होणार. पुंडलिकरावांनी पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. जवाई, एवढं तरी म्हणतील, असं तिला वाटलं.

ते उठले. खुरपं तिथेच ठेवून, भिंतीचा आधार घेत, लंगडत मागच्या दाराकडे गेले. शैलेश तीनदा मामाजी म्हणाला. मग म्हणाला, "ओम, आबाजी आजारी आहेत का? मम्मीने बोलू नको म्हणून सांगितलं का त्यांना?"

"माहीत नाही," ओम म्हणाला.

निकिताने दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. हेही पुढच्या तारखेला येईल, हे तिला कळत होतं. कोणत्या शब्दांत येईल तेही. मागच्या दारी तान्हं रडत होतं आणि जया त्याला उगी करत होती, हळू आवाजात, इकडे ऐकू येऊ नये म्हणून. अर्धा तास संपायला अजून वेळ होता. ओम फोन घेऊन पुन्हा ओसरीकडे येत होता, आणि फोनच्या समोरून बाजूला व्हायला निकिता आतल्या खोलीत सरकली.